जोडकप्पी : काही महिने माल चढवल्यानंतर

वरच्या ठोकळ्यात दोन चाकं, खालच्या ठोकळ्यात दोन, आणि मधून फिरणारा एकच दोर. माळ्यावर सामान चढवायला घेतलेली ही जोडकप्पी आता चांगली वापरून झाली आहे. वजनाला दोराचे चार पदर पेलतात, त्यामुळे हिशेबाने ४० किलोचं पोतं १० किलोच्या ओढीत उचललं जायला हवं. स्प्रिंगचा काटा लावून बघितलं, तर ओढ तेरा किलोच्या आसपास भरली. वरचे तीन किलो घर्षण खातं. आसाला वंगण द्यायची आठवण राहिली नाही, तर त्याहून जास्त.

फुकट काहीच नाही, हेही हाताला लगेच कळतं. पोतं ३ मीटर वर न्यायचं तर १२ मीटर दोर ओढावा लागतो. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. पण एकट्याने, कंबर न मोडता माल वर जातो, आणि मला तेवढंच हवं होतं.

घेताना ज्याचा विचारही केला नव्हता असा फायदा म्हणजे तुळईवरचा ताण. वर टांगलेल्या साध्या एका चाकावरून ४० किलो ओढले, तर आकड्यावर पोत्याचं वजन अधिक आपली ओढ, म्हणजे ८० किलोंहून जास्त भार येतो. जोडकप्पीत तोच ५३ वर थांबतो. जुन्या लाकडाला हा फरक मोठा आहे.

उतरवताना घर्षण आपल्या बाजूने असतं, सात-आठ किलोच्या पकडीतही पोतं अलगद खाली येतं. मात्र या कप्पीला खीळ नाही. हात सुटला की माल थेट जमिनीवर. म्हणून दोराचं मोकळं टोक खुंटीला एक वेढा देऊनच धरायचं, आणि पोत्याखाली कुणी उभं राहायचं नाही.

वैताग दिला तो सोबत आलेल्या तीन पेडी दोराने. वजन पडलं की त्याचा पीळ उकलू लागतो, खालचा ठोकळा गरागरा फिरतो आणि चारही पदर एकमेकांत गुंततात. विणीचा दोर घातल्यावर ती कटकट संपली. चाकंही आणखी मोठी चालली असती. लहान चाकावर दोर फार वाकतो, त्यात ओढही वाया जाते आणि दोरही लवकर झिजतो. नवी घेणाऱ्याने आधी चाकाचा व्यास बघावा, मग रंगरूप. बाकी लोखंड दणकट आहे, तक्रार नाही.