न बदललेल्या मॉड्यूलचे बेचाळीस हजार

गेल्या श्रावणात आईला ओंकारेश्वराचे दर्शन घडवून आम्ही खंडवा रोडने इंदूरला परतत होतो. भेरूघाट चढून आल्यावर पुढचे डावे चाक एका खड्ड्यात आदळले आणि डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे एकदम लागले: एक एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दुसरा घसरत्या गाडीचे चित्र असलेला स्टॅबिलिटी कंट्रोलचा, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, तेव्हा दोन्ही विझलेले होते. पुढे दोन आठवडे हेच चालले. पाऊस झाला किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवले की दिवे लागत, आणि दाखवायला नेले की हमखास विझलेले असत.

मेहुण्यांच्या ओळखीने रिंग रोडवरील एका गॅरेजात गेलो. मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला काडेपेटीएवढे यंत्र लावले, मोबाइलकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "भिया, मॉड्यूल गया." मॉड्यूल म्हणजे एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. असली स्वस्त यंत्रे बहुधा फक्त इंजिनाच्या बिघाडांचे कोड वाचतात आणि एबीएसच्या नियंत्रकाशी त्यांचे बोलणेच होत नाही, हे मला फार उशिरा कळले. नवे मॉड्यूल ऐंशी हजारांच्या वर जाईल, चांगले सेकंडहँड बेचाळीस हजारांत बसवून देतो, असे त्याने सांगितले. मी घुटमळलो, तेव्हा त्याने विचारले की घाटात ब्रेक लागलेच नाहीत तर काय कराल. शेजारी आई बसली होती. सौदा तिथेच झाला. वास्तविक एबीएस बंद पडले तरी साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचे झाल्यामुळे ही भीती घालायला गिऱ्हाइकांची वानवा राहिलेली नाही.

पैसे रोख दिले. कच्च्या पावतीवर 'एबीएस काम' एवढेच दोन शब्द होते. जुना भाग मात्र त्याने न मागता वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवला, आणि माणूस प्रामाणिक दिसतो असे मीच घरी येऊन सांगितले.

दहाव्या दिवशी पाऊस झाला आणि दोन्ही दिवे परत लागले. आता स्टिअरिंग किती वळले ते मोजणारा स्टिअरिंग अँगल सेन्सर बदलावा लागेल, साडेआठ हजार होतील, असे उत्तर मिळाले, तेव्हा कुठे मला शंका आली.

लोकमान्य नगरातील परिचयाच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांनी बॉनेट न उघडता आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले: दिवा ओल्यात लागतो की कोरड्यात, वळताना की सरळ जाताना, थांबलेल्या गाडीत की वेगात. मग मोठा स्कॅनर लावून एबीएसच्या नियंत्रकातले कोड वाचले. पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा एकच कोड पुन्हा पुन्हा नोंदलेला होता. गाडी किती घसरते आहे हे ताडण्यासाठी स्टॅबिलिटी कंट्रोललाही चारही चाकांचा वेग लागतो, म्हणून एका सेन्सरचा सिग्नल तुटला तरी दोन्ही दिवे लागतात. दोन दिवे म्हणजे दोन बिघाड नव्हेत. कोड पुसला की दिवा विझतो आणि तोच दोष पुन्हा घडेपर्यंत विझलेलाच राहतो. माझ्या नऊ दिवसांच्या समाधानाचे मूळ एवढेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर ते स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसले. सरळ जाताना चारही चाकांच्या वेगाचे आकडे बरोबरीने चालत होते. स्टिअरिंग वळवताच तीन चाके बत्तीसच्या आसपास राहिली आणि पुढचे डावे एकदम शून्यावर आले. चाक काढल्यावर कारणही दिसले: सेन्सरची वायर शॉकअॅब्सॉर्बरला धरून ठेवणारी क्लिप तुटली होती, त्यामुळे वायर प्रत्येक वळणावर घासून सोलली गेली होती आणि आतली तार हिरवी पडली होती. नवा सेन्सर वायरसकट बसवून मजुरीसह 2,600 रुपये झाले. त्यानंतरचा सगळा पावसाळा दिवा लागला नाही.

पण त्यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट अधिक झोंबली. 'बदललेल्या' मॉड्यूलमध्ये माझ्याच गाडीचा चेसिस नंबर होता. दुसऱ्या गाडीतून काढलेल्या मॉड्यूलमध्ये त्या गाडीचा असता. कोडिंग करून नंबर बदलला, असे गॅरेजवाला म्हणू शकला असता. परंतु याच मॉड्यूलमधील एका नोंदीत किलोमीटरचा आकडाही होता, आणि तो गॅरेजात जाण्यापूर्वीचा, ओंकारेश्वरच्या फेरीच्या दिवसांतला होता. त्याच्या बोल्टांवरची कंपनीची रंगाची खूणही मोडलेली नव्हती. मग कपाटातले वर्तमानपत्र उलगडले. आतला भाग दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा होता. लेबल वाचण्याचे कष्ट मी त्या दिवशी घेतले असते, तर तिथेच कळले असते.

गॅरेजमालकाने आधी काम सोडून गेलेल्या पोराकडे बोट दाखवले. स्कॅनची छापील प्रत पुढे ठेवून, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्याचे सांगितल्यावर, त्याने दोन हप्त्यांत पंधरा हजार परत केले. उरलेल्या सत्तावीस हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पक्के बिल न देणे हाही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार ठरतो, त्यामुळे त्या दोन शब्दांच्या पावतीलाही किंमत आली आहे. ती, स्कॅनची प्रत आणि तो परका भाग अशा तीन वस्तू एका पिशवीत घालून सध्या तारखेची वाट पाहतो आहे.