क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडायला सोनेतारण घ्यावं की पर्सनल लोन?

थकबाकी १,२०,००० रुपये. महिना ३.५ टक्क्यांनी व्याज ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६, मिळून ४,९५६. बिलावर ठळक अक्षरांत 'किमान देय रक्कम' म्हणून ५ टक्के, म्हणजे ६,००० छापलेले असतात. ते भरले की आभाराचा मेसेज येतो आणि मुद्दल उतरतं १,०४४ रुपयांनी. आम्ही असे सात महिने काढले. पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, हे उशिरा कळलं. त्या सात महिन्यांत कार्डावर घेतलेल्या दुधाच्या पिशव्यांवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढत होतं.

तुमच्याकडे मुदत ठेव असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही. सात टक्क्यांची ठेव कवटाळून बसायचं आणि तिकडे बेचाळीस टक्के भरायचे, हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही. मोडवत नसेल तर ठेवीवर कर्ज काढा, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं. आमच्याकडे ठेव नव्हती. नवऱ्याचा पगार होता आणि माझ्या पाटल्या होत्या.

पर्सनल लोनचं सगळं पगाराच्या स्लिपवर आणि सिबिल स्कोअरवर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणाऱ्या गुणांवर चालतं. गोची अशी, की कार्ड थकलेल्या माणसाचा स्कोअर आधीच घसरलेला असतो, म्हणून जाहिरातीतला दर त्याच्या वाट्याला येत नाही. १४ टक्के मिळाले असं धरू. दोन वर्षांसाठी हप्ता ५,७६० च्या आसपास आणि एकूण व्याज १८,३००. प्रोसेसिंग फी २ टक्के असली तर जीएसटीसह २,८३२ रुपये आधीच कापून घेतात, म्हणजे हातात येताना रक्कम १,१७,१६८. मध्येच पैसे आले आणि लवकर फेडायचं म्हटलं, तर बहुतेक ठिकाणी त्याचाही दंड असतो. सही करण्याआधी हा दंड विचारून घ्या, दर नंतर विचारलात तरी चालेल.

सोनेतारणाला बँकेत १० टक्के धरले तर तेवढ्याच मुदतीचा हप्ता ५,५४० आणि एकूण व्याज १२,९००. खासगी फायनान्स कंपन्यांचा दर बराच वर जातो, कधी दुपटीच्याही पुढे. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, पूर्वी ही मर्यादा ७५ टक्के होती. किंमत धरतात ती मागच्या तीस दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा भाव, यांतली कमी असेल ती. घडणावळीचा एक रुपयाही त्यात येत नाही.

काउंटरवर व्हॅल्युअरने, म्हणजे सोनं पारखणाऱ्याने, पाटल्या कसोटीच्या दगडावर घासल्या, पिवळ्या रेघेवर अॅसिडचा थेंब टाकला आणि रेघ तशीच राहिली तेव्हा मान हलवली. शेजारची बाई तोडे घेऊन आली होती. आतली लाख आणि वरचे खडे वजा होताना तिचा चेहरा उतरत गेला. साधे, भरीव दागिने न्यावेत ते यासाठी. सोन्याची बिस्किटं तारण म्हणून चालत नाहीत, हेही तिथेच कळलं.

घरी सांगायची मला धास्ती होती, कारण त्या पाटल्या सासूबाईंनीच घातलेल्या. त्या म्हणाल्या, "कपाटात काय न् बँकेत काय, कुलूपच ना? संक्रांतीला घालायला नसतील, तेवढंच."

व्याज आणि फी मिळून दोन्ही कर्जांत फरक आठ हजारांचा. तो कमी नाही, पण मी निवड त्यावर करणार नाही. सोनेतारणातला खरा खड्डा 'वर्षाने एकदम भरा' या सोयीत आहे. महिन्याला काही द्यायचं नसतं, म्हणून आपणही काही बाजूला काढत नाही. वर्षअखेरीला मुद्दल-व्याज मिळून १,३२,००० समोर उभे राहतात, मग व्याज तेवढं भरायचं आणि कर्ज पुन्हा नवं करून घ्यायचं. माझ्या ओळखीतल्या एकीचं मंगळसूत्र अशाने चौथ्या वर्षीही तिथेच आहे. पर्सनल लोन महाग असलं तरी ते पाच तारखेला खात्यातून हप्ता ओढून घेतं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती ओढच लागते.

म्हणून मी म्हणेन, सोनं ठेवा, पण हप्त्याचंच कर्ज मागा. शाखेत तसं मिळत नसेल आणि स्वतःवर भरवसा नसेल, तर आठ हजारांवर पाणी सोडून पर्सनल लोन घ्या. नोकरीची शाश्वती नसेल तर मात्र मी सोन्याकडेच झुकेन. फार तर लिलाव होईल, आणि त्यात जास्तीची रक्कम आली तर ती आपल्याला परत मिळते. ज्या दागिन्यात जीव अडकलाय, तो तेवढा घरी राहू द्या.

काटकसरीचं म्हणाल, तर हप्त्यासाठी आम्हाला वेगळं काही कापावंच लागलं नाही. कार्डाला महिना ६,००० जातच होते. जे कापलं ते लवकर सुटण्यासाठी. वाणसामान मॉलऐवजी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, यादी फोनवर सांगून आणायला लागलो. यादीत नसलेलं काही त्यामुळे पिशवीत येईना. रविवारी बाहेरून मागवणं थांबलं, तिथे पिठलं-भात आला (मुलगा अजून कुरकुरतो). यातून ३,०६० सुटले. ५,५४० ऐवजी ८,६०० भरले की चोवीस महिन्यांचं कर्ज पंधरात संपतं. चहा मात्र सोडला नाही. चहा सोडून माणूस चिडका होतो आणि महिन्याला तीनशे वाचतात.

कर्ज मिळालं त्याच दिवशी कार्डाची मर्यादा पंचवीस हजारांवर आणून घ्या, नाहीतर फेडलेलं कार्ड पुन्हा १,२०,००० ची मोकळी मर्यादा दाखवत खुणावत राहतं. आणि तारणाच्या पावतीवरचं निव्वळ वजन काउंटर सोडण्याआधी वाचा. आमच्या पावतीवर एक पाटली अर्ध्या ग्रॅमने कमी लिहिली होती, ती तिथेच दुरुस्त करून घेतली.