हजाराच्या बजेटमधली वाईन: पांढरी घ्या, गार करा, मग बोलू

हजारेक रुपयांत वाईन घ्यायची असेल तर पांढरी घ्या. लाल नको. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो कारण आपल्याकडे वाईन म्हटलं की सगळ्यांना लालच पाहिजे असते, फोटोत भारी दिसते, हार्टला चांगली असं कुणीतरी काकांना सांगितलेलं असतं, आणि मग लाल बाटली आणायची, मे महिन्यात पुण्यात गच्चीवर कोमट प्यायची आणि वर म्हणायचं की ह्यात काय दम नाय, त्यापेक्षा बिअर बरी.

आमच्या ग्रुपचा हल्लीचा उद्योग असा की प्रत्येकाने एकेक बाटली आणायची, बजेट हजाराच्या आतबाहेर, बाटलीला पेपर गुंडाळून वर स्केचपेनने नंबर टाकायचा आणि कुठली कुठली आहे ते न बघता प्यायची. चखणा घरचाच. पेपर गुंडाळायचा फायदा फार मोठा आहे राव, लेबल दिसलं की जो तो शहाण्यासारखं बोलायला लागतो.

तर जवळपास दर वेळी वर येते ती नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन ब्लाँ, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन. हो, तीच, जी प्रत्येक वाईन शॉपला असते आणि जिच्याकडे वाईनवाले लोक जरा नाक मुरडून बघतात. 2000 साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली तेव्हा त्यात ही होती आणि सोव्हिन्यॉन ब्लाँ, ही दुसऱ्या द्राक्षाची पांढरी, होती, म्हणजे पंचवीसेक वर्षं झाली. शेनिन पूर्ण कोरडी, म्हणजे बिनगोडीची, नाही, किंचित गोडी ठेवलेली असते, आणि तिथेच ती आपल्या जेवणाला जमते. पहिल्या घोटात पिकत आलेल्या पेरूचा वास, मग थोडं अननसासारखं आंबट, आणि मागे ती गोडी. कांदा भजी तळून होईपर्यंत बाटली अर्धी झालेली असते. आमच्यातला एक जण सुरमई फ्राय घेऊन आला होता, भरपूर तिखट लावलेली, तिच्याबरोबर तर ही इतकी बसली की पुढच्या बाटल्यांकडे कुणी बघेना. तिखटावर थोडी गोड आणि गार वाईन चालते, कोरडी लाल घेतली की मिरची आणखी चढते, तोंडाची आग होते, हे कुणीही घरी करून बघावं.

सोव्हिन्यॉन ब्लाँचं वेगळं आहे. ही काहींना पहिल्या वासालाच आवडत नाही, कारण ढोबळी मिरची कापल्यासारखा हिरवा वास येतो, आणि तो काही मनाचा खेळ नाही, ढोबळी मिरचीत असतात त्याच जातीची पायरॅझिन नावाची द्रव्यं ह्या द्राक्षात असतात. मला स्वतःला आवडते पण नुसती नाही, कोथिंबीर वडी पाहिजे. खरंच करून बघा, वडी कुरकुरीत तळलेली, वर तीळ, आणि ही एकदम गार. ग्रुपमध्ये मात्र हिला मार्क कमी, बहुमत शेनिनकडे.

रोझेमध्ये, म्हणजे गुलाबी वाईनमध्ये, सुलाची झिनफँडेल रोझे आली होती. गोडसर, स्ट्रॉबेरीचा वास, ज्यांनी कधी वाईन प्यायली नाही त्यांना हीच द्या. मला दुसऱ्या ग्लासानंतर गोड जास्त वाटायला लागते पण त्या दिवशी सगळ्यात आधी संपलेली बाटली हीच होती, म्हणजे माझ्या मताला काय किंमत ते समजा.

आता लालकडे येतो. आमच्या अनुभवात ह्या किमतीत लाल नरमच पडते, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे द्राक्षाचं चक्र युरोपच्या उलट, एप्रिलमध्ये एक छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे खरं ऊन तापायच्या आत. ऊन वाढलं की साखर भराभर चढते आणि आंबटपणा पडतो. पांढरीचं त्यात भागतं, लवकर तोडा, गार टाकीत आंबवा, सहा महिन्यांत बाटलीत भरा. लालचं तसं नाही, तिला सालीतला तुरटपणा पिकायला वेळ पाहिजे आणि मग मुरायलाही, लाकडाच्या पिंपात ठेवायची तर पिंपाचे पैसे. स्वस्तात हे सगळं कुठून बसणार, मग जी मिळते ती एकतर जिभेला ओढ देणारी तुरट किंवा जॅमसारखी.

त्यातल्या त्यात बरी वाटली फ्रातेलीची सांजोव्हेसे. हे अकलूजवाले, सोलापूर जिल्हा, मोहिते-पाटील घराणं आणि इटलीचे दोन भाऊ ह्यात भागीदार, त्यामुळे इटलीचं द्राक्ष सोलापूरच्या उन्हात. अंगाने हलकी आहे, आंबट चेरीसारखी, फार तुरट नाही आणि मुख्य म्हणजे थोडी गार करून प्यायली तर बिघडत नाही. चिकन सुक्क्याबरोबर चालली. तांबडा रस्सा असेल तर मात्र मी कुठलीच लाल उघडणार नाही, सरळ शेनिन.

ते "रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी" हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ना, ती रूम युरोपातली असते, सोळा-अठरा डिग्रीची. आपली रूम मे महिन्यात बत्तीस. लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मगच उघडा. पांढरी चांगली तीन-चार तास. आम्ही एकदा एकाच लालच्या दोन बाटल्या, एक फ्रिजमधली आणि एक कपाटातली, वेगवेगळे नंबर टाकून ठेवल्या तर सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की ह्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत.

दुकानाचं पण बोलायला पाहिजे. वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळ्याला गिऱ्हाईक. जाळीच्या पलीकडे माणूस, मागे गर्दी क्वार्टरवाल्यांची, तुम्ही शेनिन ब्लाँ मागितली की तो विचारणार, "लाल का पांढरी?" मग वरच्या फळीवरून ट्यूबलाईटखाली उभी राहून तापलेली, धूळ बसलेली बाटली खाली येणार. घराजवळच्या एका दुकानातून आणलेली पांढरी उघडली तर रंग चहासारखा आणि वास सफरचंद कापून दुपारभर ठेवल्यावर येतो तसला. तिथे परत गेलो नाही. तेव्हापासून मागचं लेबल वाचून घेतो, बॉटलिंगची तारीख असते त्यावर, स्वस्त पांढरी जितकी ताजी तितकी चांगली, दीड-दोन वर्षांच्या वरची असेल तर फ्रिजमधली मागा नाहीतर बिअर घेऊन घरी या. आणि फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाईन असं समजू नका, बूच उगाच कुजण्यापेक्षा ते बरं.

इंपोर्टेड घ्यावी का? ह्या बजेटमध्ये नाही. बाहेरच्या बाटलीवर वर्षानुवर्षं 150 टक्के आयात ड्यूटी लागत आली, वर राज्याचा कर, दुकानदाराचा नफा, म्हणजे इथे बाराशेला जी मिळते ती तिकडच्या सुपरमार्केटात सगळ्यात खालच्या फळीवरची. उलट महाराष्ट्रातल्या वाईनला 2001 च्या राज्याच्या धोरणापासून करात सवलत मिळत आली, त्यामुळे तेवढ्याच पैशात नाशिक-अकलूजची बाटली जास्त प्रामाणिक पडते.

पोर्ट वाईन पण कुणीतरी आणलीच होती, गोव्याहून, कारण कुणीतरी आणतंच. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, आंबवणं चालू असताना त्यात द्राक्षाची ब्रँडी घालून थांबवतात म्हणून साखर शिल्लक राहते. आपल्याकडे दोन-तीनशेला मिळते तिचा त्याच्याशी संबंध नावापुरता, प्यायला खोकल्याच्या औषधासारखी. पण नाताळच्या केकमध्ये मनुका भिजवायला हीच पाहिजे, आणि आजीला "रक्त वाढतं" म्हणून झाकणभर द्यायची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे, डॉक्टर काय म्हणतील ते सोडा.

कॅनमधल्या, म्हणजे सुलाची दिआ किंवा फ्रातेलीची टिल्ट, ह्या पिकनिकला ठीक, त्यांना बाटल्यांच्या रांगेत बसवत नाही. एकट्यासाठी 375 मिलीची हाफ बाटली बघा, बऱ्याच दुकानांत फ्रिजच्या कोपऱ्यात असते. मोठी उघडली आणि उरली तर झाकण लावून फ्रिजच्या दारात, पांढरी दोन-तीन दिवस टिकते. लाल उरली तर सरळ मटणात घाला, मसाला परतून झाला की अर्धी वाटी, टोमॅटो कमी करा.