सांबा शेअरवरील कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा घोळ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या ग्रंथालयात जुन्या मराठी नियतकालिकांच्या स्कॅन प्रती ठेवण्यासाठी डेबियन या लिनक्स प्रणालीवर सांबा (लिनक्सवरील फोल्डर नेटवर्कवरून विंडोजला उपलब्ध करून देणारा प्रोग्रॅम) बसवून ईएक्सटी-४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या) डिस्कवरील फोल्डर विंडोजच्या संगणकांना शेअर करून दिले, त्याला आता बरेच महिने झाले. वेग, परवानग्या आणि स्थैर्य या तिन्ही बाबतींत ही व्यवस्था समाधानकारक आहे. फाइलींच्या नावांतील कॅपिटल आणि स्मॉल इंग्रजी अक्षरांचा प्रश्न मात्र तिने वारंवार उभा केला, म्हणून या परीक्षणात त्याच एका बाबीविषयी सविस्तर लिहीत आहे.

पहिली अडचण एका अंकाच्या फोल्डरमध्ये लक्षात आली. विंडोजवर तेथे दोन फाइली दिसत होत्या. त्यांची नावे तंतोतंत सारखी होती, फक्त एकीच्या नावाच्या शेवटचे ‘टिफ’ कॅपिटल अक्षरांत आणि दुसरीचे स्मॉल अक्षरांत होते. कोणतीही उघडली तरी समोर मुखपृष्ठच येत असे. सर्व्हरवर लॉगिन करून मुखपृष्ठाची फाइल दुसरीकडे हलवल्यावर उरलेल्या फाइलमध्ये अनुक्रमणिकेचे पान निघाले. ते हरवले असे समजून पुन्हा स्कॅन करण्याची तयारी सुरू झाली होती.

लिनक्सच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे आहेत. विंडोजच्या दृष्टीने ते एकच नाव आहे. अशी जोडी विंडोजवरून शेअरमध्ये तयार होत नाही, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये सांबा आधीपासून असलेली फाइलच पुढे करतो. त्यामुळे जोडी सापडली, की ती फाइल सांबाला वळसा घालून, म्हणजे आरसिंकने (फाइली कॉपी करणाऱ्या आज्ञेने), एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करून) किंवा थेट डिस्कवर लिहिणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टमार्फत आली का, हे सर्वांत आधी पाहावे. आमच्याकडे स्कॅनरच्या लिनक्स संगणकावरील स्क्रिप्ट थेट डिस्कवर लिहीत होती. जोड्या शोधण्यासाठी सर्व्हरवर ‘फाइंड’ या आज्ञेने मिळालेली फाइलींची यादी ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ या आज्ञांना, अक्षरांचा लहान-मोठेपणा दुर्लक्षित करण्याचा पर्याय देऊन, पुरवणे पुरेसे ठरते.

सांबामध्ये यासाठी ‘केस सेन्सिटिव्ह’ हे सेटिंग असून त्याचे मूळ मूल्य ‘ऑटो’ असते. लहान-मोठ्या अक्षरांत भेद करण्याची मागणी जो क्लायंट (शेअर वापरणारा संगणक) स्वतः करू शकतो, त्याच्यापुरताच ‘ऑटो’ तो भेद पाळतो. विंडोजसाठी त्याचा अर्थ ‘नाही’ असाच होतो. माझ्या मते बहुतेक कार्यालयांनी हे मूल्य आहे तसेच ठेवावे. ते घाईने ‘होय’ केल्यास नावातील एक अक्षर लहानाचे मोठे झाले तरी विंडोजच्या प्रोग्रॅमला समोर असलेली फाइल सापडत नाही, आणि ही तक्रार पहिल्या तक्रारीपेक्षा त्रासदायक असते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो म्हणजे अतिशय मोठे फोल्डर. नवी फाइल लिहिताना ते नेमके नाव डिस्कवर नाही एवढे कळून सांबाचे भागत नाही. वेगळ्या लहान-मोठ्या अक्षरांतही ते नाव नाही याची खात्री करण्यासाठी त्याला संपूर्ण फोल्डर वाचावे लागते. फाइली वाढत गेल्या तसा प्रत्येक नव्या स्कॅनला लागणारा वेळ वाढत गेला आणि नेटवर्कची केबल बदलूनही फरक पडला नाही. अखेर त्या एका शेअरसाठी ‘केस सेन्सिटिव्ह’ होय, ‘डिफॉल्ट केस’ लोअर, आणि ‘प्रिझर्व्ह केस’ व ‘शॉर्ट प्रिझर्व्ह केस’ नाही, अशी चार सेटिंगे केली, म्हणजे प्रत्येक नवे नाव स्मॉल अक्षरांतच लिहिले जाईल अशी व्यवस्था केली, तेव्हा लेखन पूर्ववत झाले. मात्र त्याआधी तेथील सर्व जुनी नावे स्मॉल अक्षरांत आणणे अनिवार्य आहे, अन्यथा कॅपिटल अक्षरे असलेल्या फाइली विंडोजवरून उघडता येत नाहीत.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ईएक्सटी-४ची ‘केसफोल्ड’ ही, कॅपिटल-स्मॉल भेद न मानता नावांची तुलना करणारी, सुविधा अवश्य विचारात घ्यावी. ती २०१९ साली लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) ५.२ मध्ये आली. डिस्क फॉरमॅट करतानाच ती सुरू करून ठेवावी, कारण पुढे प्रत्येक फोल्डरला हा गुणधर्म ते रिकामे असतानाच लावता येतो. त्यानंतर फाइल कोणत्याही मार्गाने आली तरी फाइलसिस्टिम स्वतःच जोडी होऊ देत नाही. झेडएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्येही हा निर्णय डेटासेट (तिच्यातील स्वतंत्र विभाग) तयार करतानाच घ्यावा लागतो. नंतर तो बदलता येत नाही.

देवनागरी नावांत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही, तरी ‘कऱ्हाड’सारख्या नावात जवळजवळ तशीच अडचण येते. त्यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका सांकेतिक क्रमांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) मिळूनही लिहिता येतो. साध्या फोल्डरमध्ये त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी शेजारी राहू शकतात. केसफोल्ड लावलेले फोल्डर तुलना करण्यापूर्वी नावे एका प्रमाण रूपात आणत असल्याने हा प्रश्नही तेथे सुटतो, आणि मराठी नावांचा संग्रह सांभाळणाऱ्यांसाठी मला हा लाभ फार मोलाचा वाटतो.

जुन्या फोल्डरांवर केसफोल्ड लागलेले नाही, तोपर्यंत बॅकअपच्या वेळी दक्षता घ्यावी लागते. एक्सफॅट या, कॅपिटल-स्मॉल भेद न मानणाऱ्या, फाइलसिस्टिमने फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर जोडीतील दोन फाइली एकापाठोपाठ उतरवल्या, तर दुसरी पहिलीवर लिहिली जाते आणि एक पान बॅकअपमधून नाहीसे होते. म्हणून आमच्याकडे जोड्या शोधणारी आज्ञा बॅकअपच्या आधी चालते, आणि तिला एखादी जोडी आढळली तर बॅकअप तेथेच थांबतो.