बाबांचं मृत्युपत्र आणि काळ्या कोटातला माणूस

घरात वयस्कर आईवडील असतील आणि मृत्युपत्र करायचं चाललं असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी हे वाचा. आमची चूक झाली आणि तिची किंमत माझी धाकटी बहीण मोजते आहे.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी साताऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आम्ही तिघं भावंडं. सर्वांत धाकटी बेबी जन्मापासून गतिमंद आहे, आता 41 वर्षांची. आई गेल्यावर बाबांना एकच घोर लागला होता, आपल्यामागे बेबीच्या डोक्यावर छप्पर राहायला हवं. फ्लॅट तिच्या नावे करायचा, असं त्यांनी दादाला आणि मला समोर बसवून सांगितलं. आम्ही दोघंही हो म्हणालो.

2019 च्या पावसाळ्यात सकाळच्या फिरण्यातल्या एका मित्राने बाबांना रजिस्ट्रार ऑफिसजवळ बसणाऱ्या एका माणसाचं नाव सुचवलं. काळा कोट, पांढरे बँड, टेबलावर कायद्याची जाड पुस्तकं, मागे फ्लेक्स: ‘मृत्युपत्र, बक्षीसपत्र, वारस नोंद, खात्रीशीर कामे’. वकिलांना जाहिरात करायची परवानगीच नसते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो फ्लेक्स बघूनच मागे फिरायला हवं होतं.

त्याने बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला, ‘काका’ म्हणाला आणि पाचव्या मिनिटाला कागदावर आकडे मांडले. स्टँप ड्यूटी 14,000, नोंदणी 6,000, त्याची फी 12,000. एकूण 32,000, तेही रोख. बाबांनी पावती मागितली, तर म्हणाला, “सरकारी पावती कागदाबरोबरच येते काका.” ती कधीच आली नाही.

आता खरं काय ते सांगते. मृत्युपत्राला स्टँप ड्यूटी लागतच नाही. ते साध्या कागदावरही चालतं. नोंदणी सक्तीची नाही, करायची असेल तर महाराष्ट्रात तिची फी 100 रुपये आहे आणि वर पानांप्रमाणे थोडा हाताळणी खर्च. म्हणजे सरकारच्या नावाने घेतलेले 20,000 रुपये सरळ त्याच्या खिशात गेले. नोंदणीसाठी बाबांना रजिस्ट्रार ऑफिसमधल्या दुय्यम निबंधकांसमोर, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्यांसमोर, बसावं लागलं असतं, तिथे त्यांचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला असता. बाबा त्या ऑफिसची पायरीही चढले नाहीत. त्यांनी टेबलावरच सही केली आणि आठवड्याने निळी फाईल घेऊन घरी आले. आत शंभराचा स्टँप पेपर आणि त्यावर नोटरीचा गोल लाल शिक्का. “रजिस्टर झालं,” असं बाबा समाधानाने म्हणाले. मी फाईल उघडून चार ओळी वाचल्या आणि कपाटात ठेवली. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मी पदवीधर आहे, बँकेत नोकरी करते.

जानेवारी 2022 मध्ये बाबा गेले. सहा महिन्यांनी दादाने सोसायटीत हरकतीचा अर्ज दिला. दादा वाईट माणूस नाही. कोरोनात त्याचा धंदा बसला होता, डोक्यावर कर्ज होतं आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की हा कागद टिकणार नाही. सांगणाऱ्याचं खरंच होतं.

कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्यांनी त्याच्या समोर सही करावी. वाद कोर्टात गेला तर त्यांपैकी निदान एकाला येऊन हे सांगावं लागतं. आमच्या कागदावर दोन अनोळखी नावं होती. मी शोधायला निघाले. पहिल्याच्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी कधी राहिलंच नव्हतं. दुसरा रजिस्ट्रार ऑफिससमोरच्या चहाच्या गाड्यावर भेटला. कागद दाखवल्यावर म्हणाला, “सही माझीच आहे ताई. पण तुमच्या वडिलांना मी बघितलेलं नाही. साहेब संध्याकाळी गठ्ठा द्यायचे, एका सहीचे पन्नास रुपये मिळायचे.”

बाबांची शेवटची इच्छा पन्नास रुपयांच्या सहीवर उभी होती. त्या गाड्यापाशी मला रडू आवरलं नाही. तो बिचारा स्टूल पुढे करत राहिला.

मग मी वकिलांना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देणाऱ्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे लेखी चौकशी केली. त्या नावाच्या माणसाला सनदच नव्हती. वकिलीची पदवी असली तरी सनदेशिवाय वकिली करता येत नाही. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. 2023 मध्ये मी पोलिसांत तक्रार दिली. तपास चालू आहे, एवढंच उत्तर आजवर मिळालं. पैसे मिळालेले नाहीत.

या सगळ्यात एका गोष्टीने मला सावरलं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना तिथे वकील मोफत मिळतो, स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. बँकेत नोकरी असूनही मला मिळाला. तिथल्या वकील मॅडमनी पहिली चाळीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. फ्लॅट स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित? त्यावर कर्ज आहे का? सोसायटीत नॉमिनी कोण? (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.) आणि मग, “तुमच्या बहिणीचा कायदेशीर पालक कोण?”

मी गप्प झाले. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. बेबीसारख्या व्यक्तीसाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून घ्यावा लागतो. घर नावावर झालं असतं तरी तिच्या वतीने सही करणारं कुणी नव्हतं. त्या काळ्या कोटाने बाबांना फ्लॅटचा एरिया विचारला, भाव विचारला, बेबीबद्दल एक शब्द विचारला नाही. आता मी सगळ्यांना हेच सांगते. जो माणूस तुमच्या घरात कोण कोण आहे हे विचारायच्या आधी पैशांचा आकडा सांगतो, त्याच्याकडून उठा. सनद क्रमांक मागा, तो बार कौन्सिलकडे पडताळा. फी लेखी घ्या. मसुदा घरी आणून मोठ्याने वाचा. साक्षीदार स्वतःचे न्या, वयाने लहान, ओळखीचे, वाटा नसलेले. आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं असतं तर ते आनंदाने आले असते आणि बाबा शुद्धीत, समजून सही करताहेत असा दाखलाही त्यांनी दिला असता.

आम्ही कोर्टात गेलो नाही. मृत्युपत्र टिकणार नसेल तर तिघांचा सारखा वाटा. मी माझा वाटा बेबीसाठी सोडला. दादाने त्याच्या वाट्यापोटी 7 लाख घेऊन हक्कसोडपत्र करून द्यायचं कबूल केलं. त्यासाठी मी एफ.डी. मोडली आणि आईच्या पाटल्या विकल्या. रक्षाबंधनाला तो आता येत नाही. बेबी दर वर्षी त्याच्यासाठी राखी निवडते, ती मी टपालाने पाठवते.

पालकत्वाचा अर्ज समितीपुढे आहे. बेबीचा अपंगत्वाचा दाखला, दादाची ना-हरकत आणि माझे कागद जोडले आहेत. पालकत्व मंजूर होईपर्यंत हक्कसोडपत्र थांबलं आहे, आणि फ्लॅटच्या वीजबिलावर अजून बाबांचंच नाव येतं.