डिव्हाइस डिटेक्टर: फोन ओळखायला चांगली, पण हेडर लावाल तरच

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी बातम्यांच्या साइट चालवणाऱ्यांनी माटोमो या वेब-आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची ही मोफत पीएचपी लायब्ररी (तयार कोड) जरूर वापरावी. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत स्वतःची ओळख सांगणारी ‘यूजर-एजंट’ स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची ओळ, पाठवतो; तिच्यावरून ही लायब्ररी ब्राउझर, ओएस, मॉडेल, बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) नीट वेगळे करते. नुसतं ‘क्रोम’ शोधणारा हाताने लिहिलेला कोड मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरलाही क्रोम समजतो, कारण एजच्या स्ट्रिंगमध्ये दोन्ही नावं असतात.

खरी मेख अँड्रॉइडवर आहे. क्रोम आता सगळ्याच फोनसाठी ‘अँड्रॉइड १०, के’ एवढंच पाठवतो. नवाकोरा सॅमसंग असो की जुना रेडमी, स्ट्रिंग तीच. म्हणून सर्व्हरच्या ‘अ‍ॅक्सेप्ट-सीएच’ हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेत) ‘सेक-सीएच-यूए-मॉडेल’ म्हणजे फोनचं मॉडेल मागवा आणि येणारे क्लायंट हिंट्स (ब्राउझरने मागितल्यावर वेगळी पाठवलेली माहिती) लायब्ररीला द्या. साइट एचटीटीपीएसवर हवी. पहिल्या विनंतीत मॉडेल सहसा येत नाही, पुढच्यांत येतं. फायरफॉक्स आणि सफारी हे हिंट्स देतच नाहीत. आयपॅडचा सफारी तर २०१९ पासून स्वतःला मॅक म्हणवतो, तिथे नुसत्या स्ट्रिंगवर कुठल्याच लायब्ररीचं काही चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक पडली की प्रिव्ह्यूसाठी ‘व्हॉट्सअ‍ॅप/२’ अशी विनंती येते. ती वाचकांत धरू नका. लायब्ररीला कॅशे (एकदा वाचलेलं साठवून ठेवण्याची सोय) मात्र लावाच, नाहीतर प्रत्येक हिटला रेजेक्सच्या (मजकूर जुळवायच्या नमुन्यांच्या) लांबलचक याद्या पुन्हा वाचल्या जातात.