ट्रकची थरथर शोधायला फोनमधलं फायफॉक्स अॅप, दिवाळीपासून वापरतोय त्याचा अनुभव

आधीच सांगतो, हे अॅप ट्रकवाल्यांसाठी केलेलं नाही. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठातल्या फिजिक्सवाल्यांनी पोरांना फोनवर प्रयोग करता यावेत म्हणून काढलंय, फुकट आहे, जाहिरातींची कटकट नाही. माझा पुतण्या बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं घालून दिलं. गाडी आमची अठरा चाकी, हॉर्स (पुढचा ओढणारा ट्रक) आणि तीन एक्सलचा ट्रेलर, निपाणी-बेळगाव-हुबळी लाईन, सीझनला साखर आणि बाकी वेळ मिळेल तो माल.

दुखणं असं की क्लच प्लेटचं काम करून गाडी आली आणि तेव्हापासून ५५ च्या वर गेलं की केबिनचा पत्रा झिणझिणायचा, पायाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. ड्रायव्हर म्हणतोय मालक चाकं बॅलन्स करा, ऑटोनगरात एक मिस्त्री म्हणाला केबिनचे रबर गेलेत, दुसरा म्हणाला इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्याच्यावर बसतं ते रबर, बघा. तिघांचंही खरं असू शकतं हीच तर अडचण ओ, कारण थरथर केबिनमध्ये जाणवते म्हणून ती केबिनमधनंच येते असं नसतंय.

अॅपमध्ये अॅक्सेलरेशन स्पेक्ट्रम म्हणून एक प्रयोग आहे, तो सेकंदाला किती वेळा हादरतंय ते ग्राफवर दाखवतो. नुसता ग्राफ बघून काय कळत नाही, गाडीचं गणित आधी मांडून घ्यावं लागतं. टायरला खडूनं खूण केली, गाडी एक फेरी ढकलली, टेप लावला तर साधारण ३.२ मीटर. म्हणजे ६० च्या स्पीडला चाक सेकंदाला पाचेक वेळा फिरतंय. माझ्या हाउसिंगचा (मागच्या एक्सलमधले गिअर) रेशो चारच्या आसपास, चाकाच्या एका फेरीला जॉइंट शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासनं मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) चार, म्हणजे शाफ्ट सेकंदाला २१ वेळा. टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे एकास एक, आहे त्यामुळं इंजिनपण तेवढंच, १२५० आरपीएमच्या आसपास, आणि सहा सिलेंडरचे ठोके, फेरीला तीन, धरले तर ६२. आता ग्राफमध्ये टोक कुठं येतंय एवढंच बघायचं. पाचला आलं तर चाक, रिम, ड्रम, रिमोल्ड (जुन्यावर नवीन रबर चढवलेल्या) टायरचा उंचवटा, ब्रेक लॉक होऊन पडलेला चपटा डाग असलं काहीतरी. २१ ला आलं तर शाफ्टचा बॅलन्स किंवा इंजिन.

माझं आलं ४२ ला. शाफ्टच्या बरोबर दुप्पट. मग संकेश्वरच्या पुढं सपाट रस्त्याला तोच ६० चा स्पीड धरून एक गिअर खाली टाकला, इंजिनची टोकं सरकली आणि ४२ चं जागचं हललं नाही. म्हणजे संशयातनं इंजिन सुटलं, फाउंडेशन सुटलं, आणि पाचला टोक नसल्यानं चाकं तर आधीच सुटली होती. (काही जण ही टेस्ट न्यूट्रल मारून करतात, वंटमुरी घाटात असला शहाणपणा कुणी करू नका.) शाफ्टच्या एका फेरीला दोनदा हादरा बसतोय म्हटल्यावर क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा) बाजूला बघायचं, कारण क्रॉस जॉइंट तिरक्यात फिरला की एका फेरीत दोनदा वेग कमीजास्त करतो, आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असले तरच एकाचं दुसऱ्यानं कापलं जातं. गाडी पिटवर घेतली तर क्लचच्या वेळी शाफ्ट काढून स्लिप जॉइंट (शाफ्टचा दातांवर आतबाहेर सरकणारा जोड) परत घालताना बाणाच्या खुणा जुळवलेल्याच नव्हत्या, दात सरकून बसलेले. खुणा जुळवून परत घातला, पार्ट एक पण नवीन नाही, आणि त्याच रस्त्यावर ४२ चं टोक जवळजवळ गेलं.

फोन कुठं ठेवता यावर सगळं आहे. सीटवर ठेवला तर फोम सगळं गिळतो, होल्डरमध्ये ठेवला तर होल्डरच नाचतो. मॅट काढून उघड्या पत्र्यावर डबल टेपनं चिकटवायचा. रिमोट अॅक्सेस चालू केला की हॉटस्पॉटवरनं दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये ग्राफ दिसतो, ते मला सगळ्यात आवडलं, पण बघायचं शेजारी बसलेल्यानं, ड्रायव्हरनं नाही. आणि फोन जुना असेल तर जपून. माझा जुना सेकंदाला शंभरच रीडिंग घ्यायचा, त्याच्यावर ५० च्या वरचं खरं दिसत नाही, उलट ६२ चा ठोका ३८ च्या आसपास खोटं टोक काढू शकतो. सिमेंटच्या रस्त्यावर मोजू नका, साडेचार मीटरचे स्लॅब असले तर ६० ला सांध्यांचेच सेकंदाला पावणेचार ठोके बसतात आणि चाकावर संशय येतो.

आता जिथं हे अॅप कामाचं नाही ते. खानापूरकडनं रिकामी गाडी येताना ट्रेलर आपटायचा, पाठीत दणके. ते थरथरणं नव्हे, ते दणकणं, आणि तिथं ग्राफ म्हणजे नुसता कचरा. तिथं जॅक, पहार आणि टेप लागतो. मेन पाटा (स्प्रिंगची मुख्य पट्टी) तुटलाय का, पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट ढिले आहेत का, इक्वलायझरचे (दोन एक्सलच्या पाट्यांमधला झुलता दांडा) बुश खाल्लेत का, रिकाम्या गाडीला भरलेल्याची हवा ठेवलीय का. किंगपिनपासून (ट्रेलर हॉर्सला ज्या खुंटीनं अडकतो ती) पहिल्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप धरला, तीनेक मिलिमीटरच्या वर फरक नको, आमचा बोटभर निघाला, पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलेला. ब्रेक सोडताना मागनं धक्का बसत असेल तर किंगपिन मोजा, नवीन ५०.८ मिलिमीटर असते, ४९ ला आली की बदलायची.

एकूण थरथरीला दहापैकी नऊ, दणक्याला शून्य. सध्या ट्रेलरच्या मधल्या एक्सलवरनं पाचचं एक बारीक टोक येतंय, रिमोल्डवरच संशय आहे, ऊस संपला की जॅकवर चाक फिरवून बघणार. कुणाला स्वतःच्या गाडीचं विचारायचं असेल तर स्पीड, गिअर, टायरचा घेर, हाउसिंगचा रेशो आणि गाडी भरलेली का रिकामी एवढं लिहा, नुसतं गाडी थरथरतीय म्हणून विचारलं तर मी पण चाकं बॅलन्स करा म्हणूनच सांगणार.